चर्चगेट : एका पेन्सिलचित्राच्या निमित्ताने

आपल्या धर्मग्रामाच्या हीरक महोत्सवाची ही स्मरणिका उघडताच वाचकांस जे पेन्सिलचित्र दिसेल, ते मुंबईच्या जुन्या कोटाच्या एका दरवाजाचे आहे. त्या दरवाजाचे नाव चर्चगेट. चित्र आपल्याच धर्मग्रामातील एका चित्रकार बंधूंनी काढिले आहे. शाळेतील चित्रकलेच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, जुन्या छायाचित्रांच्या व चित्रांच्या आधारे मुंबईतील नाहीशा झालेल्या वास्तू कागदावर उतरविण्याचा छंद त्यांनी लावून घेतला आहे. साधा कागद व साधी पेन्सिल, एवढेच त्यांचे साहित्य.

चित्रकार कोटाच्या बाहेर, मैदानाच्या बाजूस उभा आहे, अशा कल्पनेने हे चित्र रेखाटिले आहे. समोर जाड दगडी भिंत, तिच्या मध्यभागी कमान, कमानीखाली काळोख आणि अलीकडे खंदक ओलांडून जाणारी वाट. वाटेवरून एक बैलगाडी आत शिरत आहे व डोईवर पाटी घेतलेली एक बाई बाहेर येत आहे. भिंतीच्या वर, दूरवर, एका देवालयाचा मनोरा पुसट रेघांनी दाखविला आहे. गाडी व बाई ही दोन्ही आपल्या मनची आहेत, असे चित्रकारांनी कागदाच्या पाठीमागे प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. हा प्रांजळपणा आम्हांस फार आवडला. इतिहास लिहिणाऱ्यांनीही तो अंगी बाणविला, तर पुष्कळ वाद मिटतील.

हे चित्र स्मरणिकेत घ्यावे असे ठरत असता, समितीतील एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस सरळ प्रश्न केला, “फादर, तो दरवाजा आपला नव्हे आणि ते देऊळही आपले नव्हे. मग आपल्या पुस्तकात त्याचे चित्र कशाला?” प्रश्न रास्त होता. आपण परळ-लालबागची माणसे. आपले पूर्वज कोणी वसई-साष्टीहून, कोणी गोव्याहून, कोणी नगर जिल्ह्यातून गिरण्यांच्या भोंग्यामागे येथे आलेले. कोटातल्या इंग्रजांच्या दरवाजाशी आपला संबंध काय? त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजेच ते उत्तर होय.

आपल्यापैकी शेकडो जण रोज दादर, प्रभादेवी अथवा लोअर परळ येथून चर्चगेटची गाडी धरितात. ‘चर्च’ म्हणजे देऊळ आणि ‘गेट’ म्हणजे दरवाजा, हे शाळेतील पोरासही ठाऊक आहे. परंतु स्टेशनातून बाहेर पडल्यावर जवळपास ना असा दरवाजा दिसतो, ना ज्यावरून नाव पडले ते देऊळ. मग कोणते देऊळ आणि कोणता दरवाजा?

देऊळ म्हणजे कोटातील संत थॉमस यांचे देवालय. मुंबई बेट १५३४ सालच्या वसईच्या तहाने पोर्तुगीजांकडे आले. १६६१ सालच्या विवाहकराराने ते इंग्लंडच्या राजास आंदण मिळाले, १६६५ साली प्रत्यक्ष ताब्यात गेले व १६६८ साली राजाने वर्षास दहा पौंड खंडणीवर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने आपल्या लोकांच्या उपासनेकरिता एक मोठे देवालय बांधण्याचे मनात आणिले आणि १६७६ च्या सुमारास त्याचा पाया घातला गेला. पुढल्याच वर्षी ऑन्जिअर वारला. भिंती थोड्या वर आल्या होत्या, त्या सुमारे चाळीस वर्षे तशाच उघड्या राहिल्या. अखेरीस रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने उचल केली, वर्गणी जमविली, आणि १७१८ सालच्या नाताळच्या दिवशी ते देवालय उपासनेस खुले झाले. १८३७ साली मुंबईस अँग्लिकन पंथाचा बिशप आला, तेव्हा त्याच देवालयास महामंदिराचा, म्हणजे कॅथेड्रलचा मान मिळाला. आज ते उत्तर भारताच्या संयुक्त मंडळीकडे आहे.

दरवाजाची कथा याच काळातली. देवालय पुरे होत होते तेव्हा चार्ल्स बून हा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकीर्दीत शहराभोवतीचा तट पुरा झाला. समुद्राच्या बाजूच्या वाटा सोडल्या, तर जमिनीच्या बाजूस तीन मोठे दरवाजे होते : दक्षिणेकडे अपोलो दरवाजा, उत्तरेकडे बाजारगेट व पश्चिमेकडे, देवालयावरून येणारा रस्ता जेथे तटास भिडत असे तेथे, चर्चगेट. देवालयापासून दरवाजापर्यंत पायी चार-पाच मिनिटांचे अंतर. आपले लोक या दरवाजास ‘पवनचक्की’ असेही म्हणत, कारण जवळच वाऱ्यावर चालणारी एक चक्की होती. साहेबाने देऊळ पाहून नाव दिले व रयतेने चक्की पाहून दिले. ज्याला ज्याचे काम पडे, त्याने ते पाहिले.

आता आपल्या संबंधाकडे वळू. ज्या बाजूस उभे राहून आपल्या चित्रकाराने हा दरवाजा काढिला, त्याच बाजूस, तटाबाहेर, इंग्रज येण्याच्याही पूर्वीपासून कॅथलिकांचे एक देऊळ होते. ते एस्पेरान्सा माउलीचे, म्हणजे आशेच्या मातेचे देऊळ. फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थापिलेल्या या देवळात आसपासच्या वाड्यांतील कोळी, भंडारी व इतर ख्रिस्ती लोक मिस्सास जात. धोबीतलावाजवळील कावेल गावठाण हे याच भाविकांचे. ‘कापेला’ म्हणजे लहान देऊळ, या पोर्तुगीज शब्दावरूनच कावेल हे नाव आले, असे जाणते सांगतात.

या देवळावर दोन आघात झाले. पहिला आघात भिंतीस न लागता माणसांस लागला. पोर्तुगीज पाद्री मनाने गोव्याच्या सत्तेशी बांधलेले आहेत, असा संशय कंपनीच्या सरकारास येऊ लागला आणि १७२० साली बून याने फ्रान्सिस्कनांस बेटाबाहेर जाण्याचा हुकूम केला. त्यांच्या जागी रोमच्या प्रचार-मंडळाच्या अधिकाराखालील कार्मेलाईट धर्मगुरू आले. त्यांचे प्रमुख संत तेरेजाचे मॉरिस हे बिशप होत. येथूनच मुंबईच्या कॅथलिक समाजात ‘पाद्रोआदो’ व ‘प्रोपागांडा’ अशा दोन अधिकारांचा तंटा सुरू झाला. १७९४ साली बेटावरील चार मुख्य देवळे दोन-दोन करून वाटून देण्यात आली : आपल्या शेजारचे दादरचे साल्व्हासांव व माझगावचे ग्लोरिया ही पाद्रोआदोकडे, तर एस्पेरान्सा व माहीमचे संत मिखाएल ही प्रोपागांडाकडे. हा दुहेरी अधिकार १९२८ सालच्या करारानेच मिटला. एकाच घरातील दोन भाऊ दोन निरनिराळ्या बिशपांचे ऐकतात, ही स्थिती आपल्या पणजोबांनी अनुभविलेली आहे.

दुसरा आघात तटामुळे झाला, आणि त्याचे मूळ आपल्या वसईत आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. मराठ्यांचे निशाण वसईवर चढलेले पाहून मुंबईचे इंग्रज हादरले. आज वसई गेली, उद्या मुंबईवर पाळी आली तर काय, या भीतीने तटाभोवती खंदक खणावयाचे ठरले व त्याच्या खर्चास शहरातील देशी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. परंतु खंदकाने भागेना. तटासमोर दाट झाडी, घरे व देवळे असली, तर शत्रूस आडोसा मिळतो आणि तटावरील तोफांस मारा करण्यास मोकळी जागा राहत नाही. म्हणून तटाबाहेरील माडांच्या वाड्या तोडल्या, घरे हलविली, मोठे मैदान मोकळे केले. त्यालाच पुढे ‘एस्प्लनेड’ हे नाव मिळाले. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर एस्पेरान्सा माउलीचे देऊळही याच कारणासाठी पाडण्यात आले व ते भुलेश्वर येथे नव्याने बांधिले गेले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एक देऊळ तटाच्या आत होते; त्याच्या नावाचा दरवाजा झाला, रस्ता झाला आणि पुढे स्टेशनही झाले. दुसरे देऊळ त्याहून जुने, परंतु ते तटाबाहेर, दरवाजासमोरच्या बाजूस होते. तोफांच्या माऱ्यास आड येते म्हणून ते पाडिले गेले. त्याची आठवण म्हणून त्या परिसरात आज उरले आहे ते एका क्रुसाचे नाव. आझाद मैदानाच्या दक्षिणेस जे क्रॉस मैदान आहे, त्यास ते नाव तेथील जुन्या दगडी क्रुसावरून पडले. हा क्रूस एस्पेरान्साच्या जुन्या देवळाशी जोडलेला आहे, असे परंपरा सांगते. मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांस हे कोणी सांगत नाही. परंतु त्या क्रुसापाशी मेणबत्ती लावणारे हात अद्यापि थांबलेले नाहीत.

आमच्या मनात आले की, चित्रात कोठेतरी कोपऱ्यात एस्पेरान्साचे देऊळ पुसट दाखवावे. आम्ही चित्रकारांस तसे सुचविलेही. त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला. ते म्हणाले, “फादर, गाडी आणि बाई मी मनाने काढली, कारण अशा गाड्या आणि अशा बायका तेथून गेल्या, यात शंका नाही. पण ते देऊळ मी पाहिलेले नाही आणि त्याचे चित्रही पाहिलेले नाही. शिवाय हा दरवाजा ज्या सालचा मी काढला, त्या साली ते देऊळ तेथे नव्हते. मी जागा मोकळी ठेवतो.” चित्राच्या डाव्या अंगास जो कोरा कागद दिसतो, तो अशा रीतीने राहिला आहे. छापणाऱ्याने मजकूर टाकून तो भरू नये, अशी आम्ही सूचना दिली आहे.

आता दरवाजाच्या अखेरीची हकीकत. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कोटास ज्यांची भीती होती ते शत्रूच उरले नाहीत. तट मात्र राहिला. आत घरांची, गोदामांची व माणसांची इतकी दाटी झाली होती की, वारा खेळेना. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटात भयंकर आग लागली होती, तेव्हाच ही दाटी किती घातक आहे हे सर्वांस कळून चुकले होते. सूर्यास्तानंतर दरवाजे लागत. बाहेरच्यास आत व आतल्यास बाहेर जाता येत नसे. खंदकात सांडपाणी साचून दुर्गंधी सुटे. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले व त्यांनी हा तट पाडून टाकण्याचे काम हाती घेतले. दोन-तीन वर्षांत तट, दरवाजे व खंदक सर्व सपाट झाले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली, म्हणजे नेमके या धामधुमीच्या काळात, प्रसिद्ध झाले. जुनी मुंबई डोळ्यांदेखत जात असता ती शब्दांत धरून ठेवणारा हा गृहस्थ धन्य होय.

त्याच १८६२ सालची आणखी एक गोष्ट आपणांस विसरता येत नाही. वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ च्या ५ फेब्रुवारीस जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्ष दिली होती. त्यांस व त्यांच्या सोबत्यांस पोप नववे पायस यांनी १८६२ साली संतपदी चढविले. एकीकडे मुंबईच्या तटावर गदा येत होती आणि दुसरीकडे, साऱ्या ख्रिस्तसभेच्या वेदीवर वसईच्या एका पुत्राचे नाव कायमचे कोरिले जात होते. कोणते बांधकाम किती टिकते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दरवाजा जेथे होता, त्या जागी १८६४ साली एक कारंजे उभारिले गेले. तेच फ्लोरा फाउंटन. मूळ बेत हे कारंजे भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसविण्याचा होता. परंतु ते या चौकात आले. पुढे १८७० साली पश्चिमेकडील रेल्वेने मैदानापलीकडे नवे स्टेशन उघडिले व त्यास चर्चगेट हे नाव दिले. म्हणजे स्टेशन होण्यापूर्वीच दरवाजा नाहीसा झाला होता. चर्चगेटच्या पहिल्या गाडीतून जो पहिला उतारू उतरला, त्यालाही तो दरवाजा पाहावयास मिळाला नाही. दरवाजा गेला, रस्ता राहिला. आता त्या रस्त्यासही वीर नरिमन यांचे नाव आहे. स्टेशनाच्या नावात मात्र तो दरवाजा अद्यापि उभा आहे.

त्याच चौकात पुढे आपल्या गिरणगावाचा इतिहास घडला. १९५५ च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात परळ-लालबागच्या चाळींतील कामगार अग्रभागी होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्या जागेस हुतात्मा चौक हे नाव मिळाले. तेव्हा समितीतील आमच्या वडीलधाऱ्या सभासदांस आम्ही विचारतो की, ज्या जागी एकेकाळी आपल्या लोकांस सूर्यास्तानंतर मज्जाव होता, त्याच जागी आज आपल्या गिरणगावच्या माणसांचे स्मारक आहे. मग तो दरवाजा आपला नव्हे, असे कसे म्हणावे?

‘ते देऊळही आपले नव्हे’ या दुसऱ्या आक्षेपासही उत्तर आहे. आम्ही सेमिनरीत शिकत असता, भिन्न पंथांतील ख्रिस्ती बांधवांविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) काय शिकविले, ते आम्हांस आमच्या गुरुजनांनी कळकळीने समजावून दिले. त्या देवालयास ज्या प्रेषिताचे नाव आहे, ते संत थॉमस भारतास सुवार्ता देणारे म्हणून आपण सर्वच मानतो. मतभेद आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. परंतु शेजाऱ्याच्या घराचे चित्र आपल्या भिंतीवर लाविल्याने आपले घर लहान होत नाही. आणि आपल्या एस्पेरान्सा माउलीचेही ईश्वरकृपेने सर्वस्वी नुकसान झाले नाही. भुलेश्वरच्या तिच्या नव्या देवळास पुढे मुंबईच्या कॅथलिक महामंदिराचा मान लाभला. कालांतराने तो मान कुलाब्यास १९०५ साली बांधून झालेल्या पवित्र नामाच्या महामंदिराकडे गेला. ज्या देवळास तटाजवळ राहू दिले नाही, तेच पुढे बिशपांचे आसन झाले.

वसईकडे पाहिले म्हणजे उलट चित्र दिसते. वसईच्या किल्ल्यात समुद्राकडचा व जमिनीकडचा असे दोन्ही मोठे दरवाजे आजही उभे आहेत. आत संत योसेफाच्या मुख्य देवळाचा मनोराही उभा आहे. पण ज्या नगराचे ते दरवाजे, ते नगर नाही. रस्त्यांवर गवत वाढते आणि देवळास छप्पर नाही. वसईत दरवाजा उरला, शहर गेले. मुंबईत शहर उरले, दरवाजा गेला. मात्र वसईच्या किल्ल्याबाहेरील गावांतून श्रद्धा गेली नाही. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो दगडांच्या बळावर नव्हे, त्या गावांतील कुटुंबांच्या बळावर. आपला प्रभू यरुशलेमेच्या वेशीबाहेर मरण पावला, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस वेशीबाहेर राहण्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

असो. स्वतःची चूक वेशीवर टांगण्याची हौस कोणासच नसते. परंतु वेशीचीच कथा चालली असता आमची एक चूक सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील देवळाची दुरुस्ती निघाली. मुख्य दाराची सागवानी फळी वाळवीने पोखरली होती. बिजागऱ्या झिजल्या होत्या. आम्ही तरुण होतो, कामाचा उरक मोठा होता. एका सकाळी ते दार उतरवून आम्ही भंगारवाल्यास देऊन टाकिले व त्या जागी नवे, हलके, उघडण्यास सोपे दार बसविले. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, मापे लिहून ठेवावी, एवढेही आम्हांस सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्सास एक म्हातारी आली. आत शिरण्यापूर्वी दारास हात लावून तो कपाळास लावावयाचा, ही तिची रोजची रीत. तिने हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. मिस्सा झाल्यावर ती आमच्याकडे आली व म्हणाली, “फादर, आमचं दार कुठं गेलं?” तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आईने तिला त्याच दारातून आत आणिले होते. लग्नात ती त्याच दारातून बाहेर पडली होती आणि धन्याची शवपेटीही त्याच दारातून गेली होती. हे तिने सांगितले ते रागाने नव्हे; हरवलेल्या वस्तूची चौकशी करावी तसे सांगितले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही भंगारवाल्याकडे माणूस धाडिला, पण तोवर दाराचे तुकडे होऊन गेले होते.

दार बदलणे चूक नव्हते; वाळवी लागलेले दार बदलावेच लागते. मुंबईचा तट पाडणेही चूक नव्हते. तो न पाडता तर शहर गुदमरले असते. चूक झाली ती न पाहता, न विचारता, काहीएक नोंद न ठेविता ते दार घालविण्यात. फ्रियरसाहेबांच्या काळी दरवाजा पडण्यापूर्वी कोणी त्याची छायाचित्रे घेतली, माडगावकरांनी वर्णन लिहिले, म्हणून आज आपल्या चित्रकार बंधूंस तो पुन्हा काढिता आला. त्याही आधी, १८२६ च्या सुमारास, जोसे गोन्साल्वीस नावाच्या कलावंताने मुंबईची दृश्ये शिळाछापावर छापून प्रसिद्ध केली होती. कोणीतरी वेळीच कागद पुढे ओढला, म्हणूनच एवढे तरी उरले.

आज हे सर्व लिहिण्याचे कारण असे की, आपल्याभोवतीचा तटही पडत आहे. १९८२ सालच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. चिमण्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ज्यांच्या तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे आपल्या नोंदवहीत आहेत, अशी कुटुंबे आता वसई, विरार, नवी मुंबई येथे राहावयास गेली आहेत व केवळ सणास येथे येतात. नावेही बदलत आहेत. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने करी रोडला लालबाग व चर्नी रोडला गिरगाव ही नावे द्यावी, असा निर्णय घेतला. नावे बदलू नयेत असे आमचे म्हणणे नाही. लालबाग व गिरगाव ही तर आपल्याच तोंडची नावे आहेत. परंतु नाव बदलो वा न बदलो, त्यामागे काय होते हे सांगणारा कोणी उरला नाही, तर नव्या नावाचीही अवस्था चर्चगेटसारखीच होईल. तिकिटावर छापलेले असेल, आणि अर्थ कोणास ठाऊक नसेल.

आपल्या परळचाच दाखला घ्या. जेथे आज हाफकिन संस्था आहे, ती वास्तू पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होती, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच्याही पूर्वी तेथे जेझुइटांचा मठ व देऊळ होते, हे किती जणांनी आपल्या मुलांस सांगितले आहे? १८९९ साली तेथे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली व तिने असंख्य जीव वाचविले. एका भिंतीने तीन काळ पाहिले. हे सांगावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु सांगणारा माणूस लागतो.

म्हणून महोत्सव समितीने एक संकल्प केला आहे व तो आम्ही येथे जाहीर करितो. येत्या वर्षभर प्रत्येक रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कचेरीत एक टेबल मांडलेले असेल. ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे असतील, लग्नाच्या पत्रिका, गिरणीचे हजेरीपास, गावाहून आलेली पत्रे, आजीच्या लुगड्यात गुंडाळलेली जपमाळ असेल, त्यांनी ती घेऊन यावी. वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. तिचे छायाचित्र काढून, हकीकत लिहून घेऊन, ती त्याच दिवशी परत केली जाईल. ज्यांच्यापाशी वस्तू नसेल पण आठवण असेल, त्यांनी तर अवश्यमेव यावे. वाड्यावाड्यांतील क्रूस, ज्या चाळींत मे महिन्यात मरिया माउलीची जपमाळ होत असे त्या चाळी, आणि आपल्या देवळाचे दार, या सर्वांची पेन्सिलचित्रे काढण्याचे आपल्या चित्रकार बंधूंनी आनंदाने पत्करिले आहे. मुलांपैकी ज्यांस चित्रकलेची आवड असेल, त्यांस ते सोबत घेणार आहेत.

ज्या वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस प्रश्न केला होता, त्यांस हा लेख छापण्यापूर्वी आम्ही वाचून दाखविला. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, “माझी आजी कावेलची. क्रॉस मैदानाच्या क्रुसाला ती मेणबत्ती लावायला जायची. मला सोबत न्यायची.” हे त्यांनी आजवर कोणास सांगितले नव्हते, कारण कोणी विचारिले नव्हते. टेबलावरील वहीत पहिली नोंद त्यांचीच झाली आहे.

आशेची माता पवित्र मरिया, प्रेषित संत थॉमस आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपल्या धर्मग्रामासाठी प्रार्थना करोत. आणि जो प्रभू स्वतःस मेंढरांचे दार म्हणवितो, तो आपल्या येण्याजाण्याचे रक्षण करो, हीच या मंगल प्रसंगी आमची विनवणी.